वर पाणी पी

रत्नागिरीत घशाला फारसं काम नसतं. इथलं निम्मं खाणं दातांना वळसा घालून, घशाला कळायच्या आत पोटात पोचलेलं असतं. गुरगुट्या भात, पेज, सोलकढी, सांदण, नारळाच्या रसातले शिरवळे, खरवस, हापूसचा रस आणि या सगळ्यांचा शिरोमणी म्हणजे बरका फणस. कापा फणस खातात, बरका गिळतात. गरा बोटांत धरायचा, आठळी काढायची, मान किंचित मागे न्यायची. पुढचं गरा बघून घेतो. माझ्या आजोळी मे महिन्यात मुलांच्या गरे गिळायच्या शर्यती लागत आणि जो चावताना सापडेल तो बाद. अशा मुलखात चाळिशी उलटलेल्या, धडधाकट दिसणाऱ्या माणसाने 'मला गिळता येत नाही' असं सांगितलं, तर लोकांना दया येत नाही. शंका येते. कसली ते त्यांनाही सांगता येत नाही, पण येते.

माझं सुरू झालं ते गणपतीत, आणि तेही मोदकावर. उकडीचा, वर तूप सोडलेला, कुणालाही कधीही न अडलेला मोदक. त्याचा दुसरा घास छातीच्या बरोबर मधोमध आला आणि थांबला. दुखलं असं नाही. फक्त तो तिथे आहे हे मला कळत होतं, आणि खाल्लेला घास कुठे आहे हे माणसाला कळता कामा नये. आईने माझा चेहरा पाहिला आणि वाढता वाढता म्हणाली, "वर पाणी पी."

मी पाणी प्यायलो. पाणी मोदकापर्यंत गेलं आणि मोदकाच्या डोक्यावर उभं राहिलं. आता आत दोघं होते.

एखाद्या जाणत्या माणसाने त्या क्षणी मला विचारलं असतं, तर माझ्या आजाराचं निदान मोदकाचं ताट उचलायच्या आत झालं असतं. पण पाणी अडकतं हे ऐकून घेण्याची कुणाची तयारीच नव्हती. घास अडकला म्हटलं की समोरचा माणूस पाण्याचा पेला पुढे करतो. पाणीही अडकलं म्हटलं की तो आणखी पाणी आणायला आत जातो.

पहिला संशय अर्थातच काट्यावर. मोदकात काटा कुठून येणार, असं मी मिरकरवाड्याकडच्या एका स्नेह्यांना विचारलं. ते म्हणाले, "आधीचा असेल. श्रावणाच्या आधी शेवटचं काय खाल्लं होतंत?" म्हणजे बांगड्याचा तो काटा माझ्या घशात महिनाभर चातुर्मास पाळून बसला होता आणि गणपतीत बाहेर पडला, असं त्यांचं म्हणणं. काट्यावरचे उपाय ठरलेले आहेत. भाताचा मोठा गोळा न चावता गिळायचा. त्याने नाही गेला तर केळं. गिळता येत नाही यावर उपाय म्हणून आणखी मोठं काहीतरी गिळायचं, ही चिकित्सा मला तेव्हाही धाडसी वाटली होती. भाताचा गोळा मोदकाच्या जागी जाऊन बसला. वर पाणी.

मग दृष्ट. पलीकडच्या वहिनींनी मीठ-मोहरी-मिरच्या उतरवून निखाऱ्यावर टाकल्या. ठसका अजिबात लागला नाही, त्यामुळे दृष्ट लागली होती हे सर्वानुमते सिद्ध झालं. उतरली का, हे रात्रीच्या जेवणात कळलं. त्यानंतर पित्त. आमच्याकडे कुठल्याही दुखण्याचा तपास पित्ताच्या घरापासून सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. कोकम सरबत, धण्या-जिऱ्याचं पाणी, मोरावळा, आवळकाठी. सौ.चं मत वेगळं होतं: मी घाईत खातो. एक घास बत्तीस वेळा चावायचा, असा तिने दंडक घातला. मी आमटीभातसुद्धा बत्तीस वेळा चावू लागलो. शेवटी घास पातळ होऊन तोंडात फिरत राहायचा, आणि जबडा दुखायला लागला हे एक जादा दुखणं पदरात पडलं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. पचनसंस्थेचा धडा इतकी वर्षं शिकवताना अन्ननलिकेच्या वाट्याला माझ्याकडून एक वाक्य यायचं: अन्न तोंडातून जठराकडे नेते. परीक्षेत तिच्यावर प्रश्न नसतो. आकृतीत ती एक सरळ नळी असते आणि मुलं ती पट्टीने काढतात. प्रत्यक्षात ही जेमतेम पंचवीस सेंटिमीटरची बाई घरातलं सगळं काम करून नावाला वंचित राहिलेली आहे. घास घशात आला की सेकंदभरात श्वासाची वाट बंद होते, स्वरयंत्र वर उचललं जातं, वरची झडप उघडते आणि घास नळीत पडतो. या सेकंदभरात तोंडातले, घशातले डझनावारी स्नायू आणि मेंदूतून निघालेल्या पाच जोड्या चेता हजेरी लावून जातात. मग नळीच्या भिंतीतून एक लाट खाली सरकते आणि आठ-दहा सेकंदांत घासाला जठराच्या दारात पोचवते. तिथे आणखी एक झडप आहे. लाट येते आहे हे कळलं की ती सैल पडते, घास आत जातो, झडप पुन्हा मिटते. ही यंत्रणा इतकी पक्की की माणूस शीर्षासनातही गिळू शकतो. दिवसातून शेकडो वेळा हे चालतं आणि आपण त्यातल्या एकाही वेळेला हजर नसतो. मी मात्र आता प्रत्येक घासाला जातीने हजर राहू लागलो होतो.

अशा माणसाला चारचौघांत जेवणं ही एक कला म्हणून विकसित करावी लागते. घास अडला की उभं राहायचं, पाठ ताठ करायची, दोन्ही हात डोक्याच्या वर न्यायचे आणि दीर्घ श्वास घ्यायचा. नशीब बरं असेल तर घास सरकतो. हे मी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये करायचो. इतरांना ते योगासन वाटलं. भूगोलाच्या सरांनी 'याने साखर कमी होते का' असं विचारून दुसऱ्या दिवसापासून माझ्याबरोबर हात वर करायला सुरुवात केली. त्यांना फायदा झाला असं ते सांगतात.

पंगतीत हे जमत नाही. पंगतीत उठणं म्हणजे अन्नाचा अपमान, यजमानांचा अपमान आणि शेजाऱ्याच्या मठ्ठ्याला धक्का. त्यावर मी तोडगा काढला तो मोबाइलचा. फोन कानाला लावायचा, कपाळाला आठी घालायची, 'हॅलो, हॅलो, रेंज नाही' म्हणत बाहेर जायचं. कोकणात 'रेंज नाही' म्हणून पंगतीतून उठणाऱ्या माणसावर आजवर कुणी संशय घेतलेला नाही. बाहेर मांडवाच्या मागे जाऊन हात वर करायचे, घास खाली पाठवायचा आणि परत पानावर यायचं. तोवर यजमानांनी आग्रहाने पानात दोन जिलब्या टाकलेल्या असायच्या. पुन्हा फोन.

मी वाळायला लागलो. मुंबईत वजन कमी झालं की लोक डाएट विचारतात. रत्नागिरीत कारण विचारतात. राम आळीतल्या कापडवाल्याने हळूच विचारलं, "शुगर निघाली काय?" मारुती मंदिराजवळ भेटलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी विचारलं, "मुलीचं लग्न काढलंत वाटतं." नात्यातल्या एक आत्या काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या आणि जाताना सौ.च्या हातावर हात ठेवून गेल्या. तेव्हा आम्हाला कळलं की घरात प्रत्येक जण एक शब्द उच्चारायचं टाळतो आहे. मी तंबाखू खात नाही, आमच्या घरात मिश्री नाही, पण पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला घास अडायला लागला आणि वजन उतरलं, तर डॉक्टरांच्याही मनात आधी तोच शब्द येतो आणि यायलाच हवा. या बाबतीत विनोद नाही. ज्याला असं होतंय त्याने आवळकाठी बाजूला ठेवून आधी दुर्बीण घालून घ्यावी.

मी आवळकाठीपासून दुर्बिणीपर्यंत सरळ गेलो नाही. मध्ये आमचे फॅमिली डॉक्टर होते. त्यांनी मला लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे ते तपासत नाहीत, ओळखतात. "अ‍ॅसिडिटी," ते म्हणाले आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक गोळी दिली. महिन्याने गोळीची ताकद दुप्पट केली. मी त्यांना सांगितलं की रात्री आडवा झालो की खाल्लेलं वर येतं. ते म्हणाले, "तेच ते, अ‍ॅसिड." पण ते आंबट नसायचं. रात्री दोन वाजता उशीवर परत आलेलं कुळथाचं पिठलं चवीला संध्याकाळच्या कुळथाच्या पिठल्याइतकंच चांगलं होतं. ज्या अ‍ॅसिडला दोष दिला जात होता, त्याची आणि त्या पिठल्याची भेटच झालेली नव्हती! पिठलं जठरापर्यंत पोचलंच नव्हतं. ही गोष्ट पुराव्यासह सांगायला मला संकोच वाटला. सकाळी सकाळी डॉक्टरांना चव कोणत्या शब्दांत सांगणार?

मग कान-नाक-घसा. 'कुठे अडतं' म्हटल्यावर मी बोट गळ्याच्या खोबणीवर ठेवायचो. शरीराची ही एक जुनी खोड आहे: अडथळा खाली जठराच्या दाराशी असला तरी रुग्णाला तो बराच वर जाणवू शकतो. त्या डॉक्टरांनी आरसा घातला, दिवा घातला, आणि 'तुमचा घसा उत्तम आहे' असं प्रशस्तिपत्र दिलं. छातीत मधूनच कळ यायची म्हणून कार्डिओग्राम झाला. हृदयही उत्तम निघालं. एका तरुण डॉक्टरांनी 'शाळेत टेन्शन आहे का' असं विचारलं. दहावीचा वर्ग माझ्याकडे होता, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही. टेन्शनची गोळी सुरू झाली. ती गिळायला लागायची. वर पाणी.

शेवटी आंबा घाट चढून कोल्हापूर. रत्नागिरीच्या माणसाचं दुखणं गंभीर झालं की तो घाट चढतो. फारच गंभीर झालं तर रेल्वेने मुंबईला जातो. कोल्हापुरात दुर्बीण घातली. त्या खोलीत कुशीवर पडून, तोंडात प्लास्टिकची कडी धरून माणसाला कसं वाटतं याचं वर्णन करत नाही. सगळ्यांनी ते एकमेकांना केलेलं असतं. नंतर वाचनात आलं की १८६८ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या अ‍ॅडॉल्फ कुसमाउल या डॉक्टरांनी जिवंत माणसाच्या जठरात डोकावण्यासाठी पहिल्यांदा नळी घातली, तेव्हा त्यांनी त्यासाठी तलवार गिळून दाखवणारा कसबी माणूस गाठला होता. सामान्य माणसाला ते झेपणार नाही, एवढी जाणीव त्या सद्गृहस्थांना होती.

रिपोर्ट आला: नॉर्मल. घरात सगळ्यांनी टाळलेला तो शब्द खोटा ठरला होता. सौ.ला रडू आलं, आईने महालक्ष्मीला जाऊन ओटी भरली, आणि शाहूवाडीच्या पुढे गाडी थांबवून माझ्या मेहुण्याने पेढे वाटले. मला पेढा गिळता आला नाही.

नॉर्मल रिपोर्टसारखी दुसरी अडचण नाही. रिपोर्टात काही निघालं असतं तर मी आजारी होतो. काहीच न निघाल्यामुळे मी ढोंगी झालो. घरातल्यांचा सूर बदलला. "दुर्बिणीत काही नाही ना, मग खा की." मी फोन घेऊन उठलो की मुलगी म्हणायची, "बाबा, फोन बंद आहे तुमचा." दुर्बीण घालणाऱ्याला नळीची भिंत दिसते, भिंत गुळगुळीत असेल तर तो तसं लिहितो. झडप वेळेवर सैल पडते का हे सुरुवातीच्या दिवसांत त्याला दिसेलच असं नसतं. पण हे मला तेव्हा कुठे माहीत होतं, आणि माहीत असतं तरी पेढे वाटून झाल्यावर कुणाला सांगणार?

निदान झालं ते एका मध्यमवयीन, कमी बोलणाऱ्या डॉक्टरीणबाईंमुळे. त्यांनी माझी फाइल बाजूला ठेवली. ती जाडी पाहता तो धाडसाचाच निर्णय होता. त्यांनी विचारलं, "भात अडतो की पोळी?"

"दोन्ही."

"आणि पाणी?"

मी सौ.कडे पाहिलं. सौ.ने माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत मला पाणी प्यायला सांगणारे शेकड्याने भेटले होते. ते जातं का, असं विचारणारं हे पहिलं माणूस.

"पाणीही अडतं," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. नळीत काही वाढलं असेल तर आधी घट्ट अन्न अडायला लागतं आणि पातळ बराच काळ जात राहतं, असं त्यांनी समजावलं. सुरुवातीपासून घन आणि पातळ दोन्ही अडत असेल, तर शंका नळीच्या चालीवर घ्यायची. मला ते समजलं ते कोकण रेल्वेमुळे. आमची लाइन बहुतेक एकेरी. गाडी मध्येच कुठेतरी उभी राहते. इंजिन ठीक असतं, रूळ ठीक असतात, फक्त पुढचा सिग्नल पडत नाही. माझी शेवटची झडप सिग्नल देत नव्हती. तिला 'आता सैल हो' असं सांगणाऱ्या भिंतीतल्या चेतापेशीच नाहीशा झाल्या होत्या, आणि वरून येणारी लाटही थंडावली होती. मग पाणी कधीकधी उपयोगी का पडायचं? कारण वर पाण्याचा खांब साठला की त्याच्या वजनाने दार थोडं किलकिलं होतं. आईचा उपाय चारातल्या एका वेळेला लागू पडायचा, आणि तेवढ्या बळावर तो घरात टिकून होता.

खात्रीसाठी दोन तपासण्या. पहिली बेरियमची: खडूच्या चवीचं पांढरं पाणी प्यायचं आणि क्ष-किरणांत ते कसं उतरतं ते पाहायचं. क्ष-किरण सापडून वर्षच झालं होतं तेव्हा, १८९६ मध्ये, हार्वर्डमध्ये वैद्यक शिकणाऱ्या वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्याने हाच उद्योग एका हंसावर केला होता. मान लांब, त्यामुळे घास उतरताना सावकाश दिसतो. माझी मान आखूड, पण माझ्याकडचं पाणी हंसाहून सावकाश उतरत होतं. खरं तर ते उतरतच नव्हतं. पडद्यावर नळी वर फुगलेली आणि खाली एकदम निमुळती होत गेलेली दिसली. या आकृतीला डॉक्टर मंडळी पक्ष्याची चोच म्हणतात. सौ.ला ती खंड्याची वाटली, मला बगळ्याची. एक्स-रे काढणाऱ्याने दोन्ही मतं नोंदवून घेतली नाहीत.

दुसरी तपासणी मुंबईला, म्हणून आम्ही मांडवी एक्स्प्रेस धरली. ज्यांनी त्या गाडीने प्रवास केला आहे त्यांना ती कशासाठी प्रसिद्ध आहे ते सांगायला नको. तपासणीच्या आधी मला फक्त पातळ पदार्थांची परवानगी होती, आणि रत्नागिरीपासून पनवेलपर्यंत माझ्या नाकाखालून बटाटेवडे, कटलेट, कांदाभजी आणि ऑम्लेट यांची मिरवणूक चालली होती. सौ.ने माझ्याकडे पाठ करून दोन वडे खाल्ले. पाठीवरूनसुद्धा ते चांगले झाल्याचं कळत होतं.

या तपासणीला मॅनोमेट्री म्हणतात. नाकातून बारीक नळी जठरापर्यंत घालतात. तिच्यावर ठिकठिकाणी दाब मोजणारे संवेदक असतात. मग आडवं झोपवून चमचाभर पाणी देतात. तंत्रज्ञ म्हणाला, "गिळा." गिळलं. "आता अर्धा मिनिट गिळायचं नाही." वाचकांनी हा प्रयोग घरी करून पाहावा. गिळायचं नाही म्हटलं की तोंडात कुठून लाळ येते कळत नाही. ज्याला गिळता येत नाही म्हणून मुंबईला आणलं होतं, त्याला तो तंत्रज्ञ सारखा ओरडत होता, "काका, गिळू नका म्हणतोय ना!"

संगणकावर रंगीत चित्र उमटलं आणि आजाराला नाव मिळालं: अ‍ॅकॅलेशिया. त्याचे तीन प्रकार असतात. माझा दुसरा, आणि उपचारांना सगळ्यात चांगला प्रतिसाद देणाराही तोच. मी फोनवर आईला सांगितलं, "दुसरा आहे." मास्तराची आई. तिने विचारलं, "पहिला कोण?" मग नाव सांगितलं. ते तिने एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं आणि म्हणाली, "अक्कलदाढेचं आहे होय! मग दाताच्या डॉक्टरकडे आधीच नाही का जायचं?"

हे दुखणं नवं नाही. १६७४ मध्ये थॉमस विलिस या इंग्लिश वैद्याने असा रुग्ण नोंदवून ठेवला आहे. खाल्लेलं खाली जाईना, म्हणून विलिसने देवमाशाच्या हाडाची काठी केली, टोकाला स्पंज बांधला आणि जेवल्यावर ती घशातून घालून घास जठरात ढकलायला रुग्णाला शिकवलं. तो माणूस असं करत वर्षानुवर्षं जगला. २०२३ च्या दिवाळीत गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू येऊन अडकलं होतं आणि निम्मी रत्नागिरी बघायला लोटली होती, मीही गेलो होतो. विलिसचं वाचलं असतं तर त्या जिवाकडे जास्त आपुलकीने पाहिलं असतं.

सुदैवाने उपाय पुढे सरकले आहेत. १९१३ मध्ये अर्न्स्ट हेलर या जर्मन सर्जनने झडपेचा स्नायू कापून दार सैल करण्याची शस्त्रक्रिया केली. फुग्याने झडप ताणण्याची पद्धतही आहे. आणि २००८ मध्ये जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी बाहेरून कुठेही न कापता, तोंडातून दुर्बीण घालून, नळीच्या अस्तराखाली बोगदा करून आतूनच स्नायू कापायला सुरुवात केली. माझं तेच झालं. बोगदा म्हटल्यावर कोकणातल्या माणसाला धीर येतो. आम्हाला बोगदे पाडलेले चालतात. रस्ते पूर्ण झालेले मात्र अजून बघायचे आहेत.

दार आता उघडं असतं. गेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत, लाट पूर्वीसारखी धावत नाही, त्यामुळे मी ताठ बसून जेवतो, जेवल्यावर लगेच आडवा होत नाही, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा आहेत. पण मोदक जातो. पहिला मोदक गेला तेव्हा घरातले सगळे माझ्या छातीकडे बघत होते. आई तांब्या घेऊन तयार उभी होती.

एक गोम मात्र राहिली. झडप कायमची सैल केल्यामुळे आता जठरातलं आम्ल वर येऊ शकतं. म्हणून डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक गोळी दिली. तीच. मी आमच्या फॅमिली डॉक्टरांना चिठ्ठी दाखवली. त्यांनी चष्मा वर सरकवला, गोळीचं नाव वाचलं आणि चिठ्ठी कंपाउंडरकडे देत म्हणाले, "पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं मी?" त्या दिवसापासून ते माझं उदाहरण इतर पेशंटांना देतात.

हा आजार दुर्मिळ समजला जातो. जगभरचा ढोबळ हिशेब सांगतो की वर्षाला लाखात साधारण एकाला होतो. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या सोळा लाखांच्या वर होती. गणिताचे मास्तर शेजारीच बसतात. त्यांनी सांगितलं, या हिशेबाने जिल्ह्याच्या वाट्याला दरसाल सोळा यायला हवेत. मग त्या वर्षीचे बाकीचे पंधरा कुठे आहेत? गुहागरात कुणीतरी मोरावळा खात असेल. राजापुरात कुणाच्या तरी निखाऱ्यावर मिरच्या पडत असतील. दापोलीत एखाद्याला टेन्शनची गोळी चालू असेल. सगळ्यांच्या हातात पेला, सगळ्यांच्या मागे कुणीतरी उभं.

तेव्हापासून मी पंगतीत माझं पान सोडून दुसऱ्यांची पानं बघत बसतो. सौ.ला हे अजिबात आवडत नाही. गेल्या लग्नसराईत लांज्याच्या एका मांडवात समोरच्या रांगेतला एक माणूस मला दिसला. वय माझ्याएवढं, गालफडं बसलेली, मसालेभाताच्या प्रत्येक घासावर पाणी. जिलबीला हात लावलेला नाही. मी सौ.ला कोपराने ढोसलं. तेवढ्यात त्याने खिशातून फोन काढला, 'हॅलो, हॅलो' म्हणाला आणि उठला. माझी खात्री झाली. हात धुवायची वाट न बघता मी त्याच्या मागोमाग बाहेर पडलो. तो मांडवाच्या मागे, जनरेटरच्या पलीकडे, आंब्याखाली उभा होता. पाठ ताठ, दोन्ही हात डोक्याच्या वर.

मी जवळ गेलो. अशा वेळी माणसाला दचकवू नये, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. हळूच विचारलं, "पाणीसुद्धा अडतं का हो?"

त्याने मान वळवली. वर धरलेल्या दोन्ही हातांत मोबाइल होता.

"एक कांडी येते मधीच," तो म्हणाला. "तुमचं कार्ड कुठलं?"